सिगरेट सोडून व्हेप धरलाय? मग हे एकदा नीट वाचा

"काका, सिगरेट बंद केली, आता फक्त व्हेप. ठीक आहे ना?" व्हेप म्हणजे बॅटरीवर चालणारी ई-सिगरेट, आणि पुण्यात आमच्या मेडिकलच्या काउंटरवर हा प्रश्न आता नेहमीचा झालाय. विचारणारे बहुतेक बावीस ते तीसच्या मधले, कुणी हिंजवडीला जॉबला, कुणी एमपीएससीचा अभ्यास करणारा, मुलीही मोकळेपणाने विचारतात आणि ते चांगलंच आहे. पण मागे चार गिऱ्हाईकं उभी असताना याचं उत्तर देता येत नाही, कारण हो म्हटलं तरी ते अर्धवट आणि नाही म्हटलं तरी अर्धवटच. म्हणून इथे सविस्तर लिहितोय.

आधी एक गोष्ट डोक्यात पक्की बसवा, बाकी सगळं तिच्यावर उभं आहे. सिगरेटची सवय लागते ती निकोटीनमुळे, पण कॅन्सर, हार्ट अ‍ॅटॅक, सीओपीडी (फुफ्फुसांचा कायमचा धाप लागण्याचा आजार) हे जे आजार होतात त्यात मोठा वाटा जळणाऱ्या तंबाखूच्या धुराचा. झुरका मारताना सिगरेटचं टोक ९०० डिग्रीच्या आसपास तापतं. एवढ्या उष्णतेत पान जळताना सात हजाराच्या वर केमिकल्स तयार होतात, त्यातली सत्तरेक कॅन्सर करणारी म्हणून माहीत आहेत. शिवाय टार, जो फुफ्फुसात चिकटून बसतो, आणि कार्बन मोनॉक्साईड, जो रक्तात ऑक्सिजनची जागा अडवतो. जिना चढताना ओढणाऱ्याला धाप लागते त्यात याचाही हात असतो. निकोटीन काही साधं नाही, ते नाडी वाढवतं, बीपी चढवतं, गरोदरपणात तर बाळासाठी वाईटच, पण मुख्य खून धूर करतो.

आता व्हेप. एखादा डिस्पोजेबल, म्हणजे संपला की फेकून द्यायचा व्हेप, कधी उघडून बघितलात तर आत फार काही नसतं. एक छोटी लिथियम बॅटरी, एक बारीक तारेचं वेटोळं म्हणजे कॉइल, त्याभोवती कापसाची वात, आणि त्या वातीत मुरलेलं लिक्विड, ज्याला मुलं ज्यूस म्हणतात. ओढलं की आतला सेन्सर हवा ओळखतो, बॅटरी कॉइल तापवते, साधारण दोन-अडीचशे डिग्रीला, आणि लिक्विडचे अतिबारीक थेंब होऊन तोंडात येतात. हे लिक्विड म्हणजे प्रोपिलीन ग्लायकॉल, ग्लिसरीन, फ्लेवर आणि निकोटीन. "नुसती पाण्याची वाफ आहे हो" असं जे म्हणतात ते चूक आहे, त्यात पाण्याचा फारसा संबंधच नाही. पण काही जळत नाही हेही खरं, म्हणजे टार नाही आणि कार्बन मोनॉक्साईड जवळपास नाही. जो रोज दहा-बारा सिगरेटी ओढतो त्याच्यासाठी हा फरक खूप मोठा आहे आणि तो मी लपवणार नाही.

ब्रिटनच्या सरकारी आरोग्य संस्थेने, पब्लिक हेल्थ इंग्लंडने, २०१५ मधे सांगितलं की व्हेपिंग सिगरेटपेक्षा साधारण ९५ टक्के कमी घातक आहे. हा आकडा तुम्हाला रीलमधे हमखास दिसेल. पण तो कुठल्या लॅबमधे मोजलेला नव्हता, तज्ज्ञांच्या एका गटाने एकत्र बसून केलेला तो अंदाज होता आणि त्यावर तेव्हापासून वाद चालू आहे. दिशा बरोबर, नेमका आकडा कुणी छातीठोकपणे सांगू नये असं माझं मत. कारण सिगरेटने लंग कॅन्सर व्हायला वीस-तीस वर्षं लागतात, आणि आजच्या पद्धतीची ई-सिगरेट होन लिक नावाच्या चिनी फार्मासिस्टने बनवली तीच मुळी २००३ च्या सुमारास. तीस वर्षं व्हेप ओढलेला माणूस अजून जगात कुठे तयारच झालेला नाही.

शिवाय "कमी घातक" म्हणजे कशापेक्षा कमी, हे विसरू नका. कॉइलमधून निकेल, क्रोमियम, शिसं असे धातू त्या थेंबांत उतरतात हे तपासण्यांमधे दिसलंय, लिक्विड संपत आलं की वात कोरडी पडते आणि तो करपट झुरका येतो तेव्हा फॉर्मल्डिहाइडसारखी केमिकल्स वाढतात, आणि फ्लेवरचं म्हणाल तर जे पोटात चालतं ते फुफ्फुसात चालतंच असं अजिबात नाही. डायअ‍ॅसिटिल घ्या, लोण्याचा वास देणारं, खायला चालतं, पण अमेरिकेत पॉपकॉर्नच्या कारखान्यातले कामगार ते श्वासातून घेऊन घेऊन फुफ्फुसांच्या गंभीर आजाराने पडले. सिगरेटच्या तुलनेत प्रत्येक गोष्ट बरी दिसते. तुलना शुद्ध हवेशी करून बघा.

पण सिगरेट सुटायला व्हेपची मदत होते का? होते, आणि याचा पुरावा चांगला आहे. ब्रिटनमधे ८८६ लोकांवर एक अभ्यास झाला, २०१९ मधे छापून आला. अर्ध्यांना व्हेप, अर्ध्यांना निकोटीन गम, पॅच (कातडीवर चिकटवायची निकोटीनची पट्टी) वगैरे, आणि दोघांनाही निदान चार आठवडे समोरासमोर बसून समुपदेशन. वर्षानंतर व्हेपवाल्यांपैकी १८ टक्के सिगरेटपासून सुटलेले होते, गम-पॅचवाल्यांपैकी ९.९ टक्के. जवळपास दुप्पट. इथपर्यंतची बातमी सगळे सांगतात. त्याच अभ्यासातली पुढची ओळ कमी लोक सांगतात, की जे सुटले त्यातले व्हेपवाले ८० टक्के वर्षानंतरही व्हेप ओढतच होते, आणि गम-पॅच वापरणारे मात्र ९ टक्केच उरले होते. म्हणजे सिगरेट सुटली, निकोटीन नाही सुटलं. पन्नाशीच्या, तीस वर्षं ओढलेल्या माणसासाठी हा सौदा मी फायद्याचाच म्हणेन. चोवीस वर्षांच्या पोराला, ज्याच्यापुढे अजून पन्नास वर्षं पडलीयत, त्याला मी असं बिनधास्त नाही सांगू शकत.

आणि मला सगळ्यात जास्त काळजी वाटते ती इथेच, त्यामुळे जरा थांबून सांगतो.

आमच्याकडे एक मुलगा येतो, पंचविशीचा असेल. निकोटीन गम मागितला. मी विचारलं सिगरेट किती ओढतोस, तर म्हणाला, "काका, सिगरेट नाही, व्हेप सोडायचाय. सिगरेट तरी मोजून ओढायचो, दिवसाला सहा. हे मोजताच येत नाही, रात्री उशीखाली असतं." त्याने जे सांगितलं ते अगदी बरोबर पकडलंय. सिगरेट पाच-सात मिनिटांत संपते. ती ओढायला खाली टपरीवर जावं लागतं, दहा-बारा रुपयांच्या पुढे सुट्टे मोजावे लागतात, कपड्यांना, हातांना वास येतो, घरी जाण्याआधी च्युइंगम खावं लागतं. ही सगळी कटकट म्हणजे आपोआप लागलेला ब्रेकच असतो. व्हेपला यातलं काहीच नाही. मीटिंगमधे कॅमेरा बंद करून एक पफ, बाथरूममधे एक, रिक्षात एक, झोपताना एक, आणि वास मँगोचा. संपतंय कुठे तर कुठेच नाही.

त्यात निकोटीन सॉल्टची भर. हे जरा समजून घ्या कारण सगळा बदल यामुळे झालाय. जुन्या व्हेपमधलं निकोटीन जास्त घातलं की घसा जळायचा, ठसका लागायचा, म्हणून माणूस आपोआप कमी ओढायचा. मग २०१५ च्या सुमारास जूल कंपनीने पॉड, म्हणजे व्हेपमधे बसवायच्या लिक्विडच्या छोट्या डब्या, आणले त्यात निकोटीनमधे बेंझोइक अ‍ॅसिड घालून त्याचं सॉल्ट, म्हणजे क्षार, केलेलं होतं. कडू काढा मधात कालवून द्यावा तसा प्रकार, घशाला काही लागत नाही आणि डोस भरपूर जातो. नंतर सगळ्यांनीच तेच उचललं.

आता पाकिटावर ५% लिहिलेलं असतं त्याचा हिशोब करू. ५% म्हणजे एका मिलीलीटरमधे साधारण ५० मिलीग्रॅम निकोटीन. असा १० मिलीचा मोठा डिस्पोजेबल घेतला तर त्यात झालं ५०० मिलीग्रॅम. एका सिगरेटमधून शरीरात साधारण एक ते दीड मिलीग्रॅम जातं. व्हेपमधलं सगळंच शरीरात जात नाही त्यामुळे सरळ भागाकार करून इतक्या सिगरेटी असं म्हणू नका, पण त्या चॉकलेटएवढ्या डबीत किती माल आहे याचा अंदाज तरी येईल. ब्रिटनमधे आणि युरोपात कायद्याने मर्यादा आहे, मिलीला २० मिलीग्रॅम आणि टाकी २ मिली, म्हणजे एकूण ४० मिलीग्रॅम. आपल्याकडे चोरून येणाऱ्या मालाला असलं कुठलं बंधन नाही. (घरात लहान मूल असेल तर हे लिक्विड विषासारखं समजून ठेवा, चाटलं तरी हॉस्पिटल गाठायचं, घरगुती उपाय करत बसायचं नाही.)

ओढलेलं निकोटीन दहा-वीस सेकंदात मेंदूत पोचतं आणि दोन तासांत निम्मं उतरतं. उतरलं की चिडचिड, अस्वस्थपणा, लक्ष लागत नाही, आणि एक पफ मारला की बरं वाटतं. मुलांना वाटतं व्हेपमुळे स्ट्रेस जातो. खरं तर मागच्या पफची उतार पुढचा पफ भरून काढत असतो, तो स्ट्रेस बराचसा त्यानेच आणलेला असतो. आणि मेंदूची घडण पंचविशीपर्यंत चालू असते, त्या वयात निकोटीनची सवय जास्त घट्ट बसते.

दुसरी अडचण अशी की "स्विच केलं" म्हणणाऱ्यांना जरा खोदून विचारलं तर बऱ्याच जणांनी स्विच केलेलंच नसतं. ऑफिसात व्हेप, पण चहाला सगळे खाली उतरले की एक लाइट सिगरेट, शनिवारी बिअरबरोबर चार-पाच. म्हणजे दोन्ही चालू. याचा फायदा किती होतो? वाटतो त्याच्या पासंगालाही नाही. २०१८ मधे ब्रिटिश मेडिकल जर्नलमधे बऱ्याच अभ्यासांचा एकत्र आढावा आला होता, त्यात दिवसाला फक्त एक सिगरेट ओढणाऱ्याला हृदयविकाराचा जो जादा धोका असतो तो दिवसाला वीस ओढणाऱ्याच्या धोक्याच्या निम्म्याच्या आसपास निघाला. वीसवरून एकवर आलो म्हणजे धोका वीस पटीने कमी, असं होत नाही. हृदयाच्या बाबतीत पूर्ण फायदा मिळतो तो शून्यावर आल्यावरच. त्यामुळे मी मुलांना एकच प्रश्न विचारतो, गेल्या महिन्यात एकही सिगरेट ओढली नाहीस का? याचं उत्तर जर "तशी एखादी" असं असेल तर तू व्हेपवर गेलेला नाहीस बाळा, तू व्हेप वाढवलायस.

तिसरे असतात ज्यांनी सिगरेट कधी धरलीच नव्हती. त्यांना स्विच हा शब्द लागूच नाही. अमेरिकेत २०२१ च्या सरकारी सर्वेक्षणात १८ ते २४ वयातले ११ टक्के व्हेप ओढत होते, आणि या वयाच्या ओढणाऱ्यांत निम्म्याहून जास्त असे होते की ज्यांनी सिगरेटची सवय कधी लावूनच घेतली नव्हती. अशांसाठी "सिगरेटपेक्षा बरं" हे वाक्य काही कामाचं नाही, त्यांनी शून्यावरून वर चढायला सुरुवात केलीय.

आता आपल्या देशाचं. भारतात व्हेपवर बंदी आहे, आणि ती अर्धीमुर्धी नाही. सप्टेंबर २०१९ मधे वटहुकूम आला, डिसेंबरमधे कायदा झाला. बनवणं, आयात, विक्री, वाटप, साठवण, जाहिरात सगळं बंद, ई-हुक्का आणि तंबाखू न जाळता तापवणारी यंत्रंसुद्धा त्यात आली. साठवण सोडली तर बाकी सगळ्याला पहिल्या गुन्ह्यात एक वर्षापर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही, परत सापडलात तर तीन वर्षांपर्यंत आणि पाच लाखांपर्यंत. दुबईहून मित्रांसाठी बॅगेत चार आणणं हीसुद्धा आयातच. सिंगापूर आणि थायलंडमधेही बंदी आहे, तिकडे फिरायला जाताना खिशात विसरू नका.

बंदी बरोबर की चूक यावर भांडणं खूप आहेत. सिगरेट टपरीवर राजरोस आणि तिच्यापेक्षा कमी घातक वस्तू बेकायदा, हे विसंगत आहे हा मुद्दा मला पटतो. पण आपल्या महाराष्ट्राचं चित्र वेगळं आहे हेही बघा. २०१६-१७ च्या राष्ट्रीय तंबाखू सर्वेक्षणात महाराष्ट्रात ओढणारे प्रौढ ३.८ टक्के होते आणि खाणारे, म्हणजे तंबाखू-चुना, मावा, खर्रा, मिश्री हे सगळं धरून, २४.४ टक्के. आपल्याकडचा मोठा आजार तोंडाचा आहे, त्यावर व्हेप हा उपाय नाहीच. शहरातल्या सिगरेटवाल्या थोड्या लोकांसाठी दार उघडायचं आणि त्यातून कधीच न ओढणारी कॉलेजची पोरं आत येणार, या भीतीने सरकारने दार लावलं. मात्र गुटखाबंदी २०१२ पासून आहे आणि गुटखा कुठे मिळतो हे सगळ्यांना माहीत आहे, तसंच व्हेपचं झालं. बंद झाला नाही, लपला.

आणि लपलेल्या मालाचा धोका वेगळा असतो. २०१९ मधे अमेरिकेत तरुण मुलं अचानक धाप लागून आयसीयूत जायला लागली, फेब्रुवारी २०२० पर्यंत २,८०७ केसेस आणि ६८ मृत्यू नोंदले गेले. कारण शोधल्यावर निघालं की बहुतेकांनी चोरट्या बाजारातली गांजाच्या अर्काची कार्ट्रिज (व्हेपला लावायची भरलेली नळी) ओढली होती आणि तो अर्क दाट दिसावा म्हणून त्यात व्हिटॅमिन ई अ‍ॅसिटेट घातलं होतं. युरोपच्या नियमात व्हेपच्या लिक्विडमधे व्हिटॅमिन घालायलाच मनाई आहे. चोरट्या मालाला कसला नियम? आपल्याकडे टेलिग्रामवरून किंवा पानवाल्याकडून जे येतं त्यावर २% लिहिलंय की ५% ते छापणाऱ्याच्या मर्जीवर. ऑस्ट्रेलियात तर निकोटीन नाही असं लिहिलेल्या लिक्विडमधेही निकोटीन सापडलेलं आहे. त्यामुळे "मी हळूहळू ५ वरून २ वर येतोय" हा प्लॅन इथे कागदावरच राहतो, कारण आत काय आहे ते तुम्हाला कळायला मार्ग नाही.

जी मुलं मास्टर्सला युकेत गेलीयत त्यांची गोष्ट वेगळी. तिथे सिगरेटचं पाकीट पंधरा पाउंडांच्या वर, व्हेप दुकानात कायदेशीर, एनएचएस, म्हणजे तिथली सरकारी आरोग्यसेवा, स्वतः सिगरेट सोडायला व्हेप सुचवते. २०२३ मधे तर दहा लाख ओढणाऱ्यांना फुकट किट द्यायची योजना जाहीर केली होती. तुम्ही आधीपासून सिगरेट ओढत असाल आणि तिथे असाल, तर पूर्ण व्हेपवर जा, सिगरेट एकही नको, आणि लिक्विडमधलं निकोटीन मिलीला २० मिलीग्रॅमवरून १०, मग ६, ३, ० असं उतरवा, तिथे लेबलवर बऱ्यापैकी विश्वास ठेवता येतो. माल नोंदणी केलेला आहे ना तेवढं बघा. डिस्पोजेबल तिथेही १ जून २०२५ पासून बंद झालेत.

इथे राहणाऱ्यांनी काय करायचं? कायदेशीर निकोटीन मेडिकलमधे आहे. २ मिलीग्रॅमचा गम सहज मिळतो. पण नव्वद टक्के लोक तो चुकीचा खातात असं मला वाटतं, साध्या च्युइंगमसारखा कचाकचा चावतात, सगळं निकोटीन लाळेतून पोटात जातं, उचक्या लागतात, मळमळतं, आणि मग "हे काय कामाचं नाही" म्हणून परत टपरी. तो हळू चावायचा, जिभेला चुरचुरलं की थांबायचं आणि गाल आणि हिरडीच्या मधे दाबून ठेवायचा. चुरचुर गेली की परत दोन-चारदा चावायचा, परत दाबून ठेवायचा, असा अर्धा तास. निकोटीन गालाच्या आतून रक्तात जायला हवं. आणि गमच्या आधी पंधरा मिनिटं आणि गम तोंडात असताना चहा, कॉफी, कोल्ड्रिंक नको, त्याने निकोटीन नीट शोषलंच जात नाही. आपल्याकडे तर माणूस चहाच्या वेळीच गम काढतो.

उठल्यावर अर्ध्या तासाच्या आत पहिला झुरका किंवा पहिला पफ लागत असेल तर सवय जोरात आहे, मग नुसत्या २ च्या गमवर भागत नाही, डॉक्टरांना भेटून ४ चा गम किंवा पॅच याबद्दल विचारा. दिवसभराला पॅच आणि तलफ आली की गम, अशी जोडी नुसत्या एकापेक्षा चांगली चालते. व्हॅरेनिक्लिन आणि ब्युप्रोपिऑन या गोळ्याही आहेत, चिठ्ठीशिवाय देत नाही आणि मागूही नका. पहिले तीन दिवस सगळ्यात वाईट जातात, दोन ते चार आठवड्यांत बरंचसं ओसरतं. परीक्षेच्या किंवा अप्रेझलच्या आठवड्यात सुरुवात करू नका.

आणि तो ब्रिटनचा अभ्यास आठवा, तिथे दोन्ही गटांना समुपदेशन होतं. तिथे नुसतं यंत्र बदलून कुणी सुटलेलं नाही. आपल्याकडे सरकारची तंबाखू सोडण्यासाठी फुकट हेल्पलाइन आहे, १८००-११-२३५६, सिगरेटच्या पाकिटावरच छापलेली असते. दिल्लीतल्या वल्लभभाई पटेल चेस्ट इन्स्टिट्यूटमधून सुरू झाली, नंतर मुंबईत टाटा मेमोरियललाही केंद्र झालं. समोरचा माणूस तुमच्याकडून सोडायची तारीख ठरवून घेतो आणि नंतर परत फोन करून विचारतो. मला व्हेपची सवय आहे असं सांगायला कचरू नका, ते पोलिसांना कळवायला बसलेले नाहीत. निकोटीन तेच आहे, त्यामुळे सोडवायची पद्धतही बरीचशी तीच आहे.